पीएचडीचा गाईड आणि विद्यार्थी: हे नातं नेमकं कुठे बिघडतं, आणि सांभाळायचं कसं?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत एक मुलगी मोबाईलकडे बघत बसली आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिने गाईडना प्रबंधाचं तिसरं प्रकरण पाठवलं होतं. आज धीर करून मेसेज टाकला, "सर, प्रकरण बघायला वेळ मिळाला का?" दोन निळ्या टिका आल्या, पण उत्तर आलं नाही.

आता तिच्या डोक्यात प्रश्न सुरू होतात. सर रागावले असतील का? लिखाण इतकं वाईट आहे का? पुन्हा मेसेज केला तर उद्धटपणा वाटेल का? उद्या थेट नागपूरला जाऊन भेटावं का? पण तासिका तत्त्वावरची नोकरी आहे. एक दिवस बुडाला तर त्या दिवसाचे पैसे बुडाले.

ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिची अडचण काल्पनिक नाही. पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, 'सर मेसेज बघतात पण उत्तर देत नाहीत' हे वाक्य ऐकायला मिळेलच. दुसऱ्या बाजूला गाईडना विचारा, 'पोरं सहा महिने गायब असतात आणि सही हवी असली की उगवतात' हे ऐकायला मिळेल.

दोघंही खोटं बोलत नसतात. मग हे नातं बिघडतं कुठे? नियम काय सांगतात? आणि बिघडू नये म्हणून काय करता येतं? समजून घेऊया.

हे नातं इतर नात्यांपेक्षा वेगळं का?

शाळा-कॉलेजात एका विद्यार्थ्याला दहा शिक्षक असतात. एकाशी पटलं नाही तरी बाकीचे नऊ असतात. पीएचडीत मात्र बहुतेक गोष्टी एकाच माणसाच्या सहीवर येऊन थांबतात.

विषय ठरवायचा तर गाईडची संमती लागते. प्रगती अहवालावर त्यांची सही लागते. फेलोशिप सुरू राहायची तर त्यांचा शेरा लागतो. प्रबंध सादर करताना त्यांचं प्रमाणपत्र लागतं. आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर पहिला प्रश्न असतो, 'कुणाकडे केलं?'

पैशाचा मुद्दा तर आणखी थेट आहे. नेट-जेआरएफ मिळालेल्या संशोधकाला 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आणि वरिष्ठ टप्प्यात 42,000 रुपये मिळतात. ग्रामीण भागातल्या अनेक घरांसाठी ही रक्कम म्हणजे घरातला सगळ्यात मोठा पगार असतो. एक कागद वेळेत पुढे सरकला नाही तर त्या घराचा महिना कोलमडतो.

म्हणजे एका बाजूला सगळी सत्ता आणि दुसऱ्या बाजूला सगळी गरज. असं असलं की चांगल्या माणसांमध्येही गैरसमज होतात. विद्यार्थी घाबरून बोलत नाही आणि गाईडना वाटतं सगळं ठीक चाललंय.

भंडाऱ्यात ही अडचण थोडी वेगळी का आहे?

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. जिल्ह्यातली पारंपरिक महाविद्यालयं 1923 साली स्थापन झालेल्या, आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. भंडारा शहरापासून नागपूर साधारण 60 किलोमीटर आहे. लाखांदूर किंवा साकोलीच्या विद्यार्थ्यासाठी हे अंतर आणखी वाढतं.

याचा अर्थ असा की ज्याचा गाईड नागपुरात आहे, त्याच्यासाठी 'जरा भेटून जा' म्हणजे अख्खा दिवस. एसटीने जायचं, विभागाबाहेर थांबायचं, कळायचं की सर मीटिंगला गेलेत, आणि संध्याकाळी परत यायचं.

दुसरी गोष्ट भाषेची. भंडारा हा झाडीपट्टीचा भाग. घरात झाडीबोली बोलणारी मुलं विद्यापीठात प्रमाण मराठी आणि इंग्रजीसमोर गप्प होतात. मुद्दा डोक्यात असतो पण तोंडातून निघत नाही. गाईडला वाटतं, तयारी नाही. खरं तर याच बोलीचा आयुष्यभर अभ्यास करून साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिला अभ्यासाचा विषय म्हणून ओळख मिळवून दिली. विद्यार्थ्याला आधी त्याच्या बोलीत सांगू देणं आणि मग ते एकत्र बसून लिहिणं, एवढं जरी गाईडने केलं तरी निम्मी भीती जाते.

तिसरी गोष्ट, अनेक संशोधक पहिल्या पिढीचे आहेत. घरात कुणी पीएचडी केलेली नाही. सिनॉप्सिस म्हणजे काय, रिसर्च पेपर कुठे पाठवायचा, व्हायवाला काय होतं, हे विचारायला घरात कुणी नाही. ज्याच्या घरात प्राध्यापक आहेत त्याला हे जेवताना कळतं. ज्याच्या घरात धानाची शेती आहे त्याला हे गाईडनेच सांगावं लागतं. म्हणून इथे गाईडची जबाबदारी नुसती तपासनिसाची राहत नाही.

गाईड चुकला तर? दोन जुन्या गोष्टी

'गुरूचा शब्द शेवटचा' ही समजूत आपल्याकडे खोल आहे. पण मराठी घरांतल्याच दोन संशोधक स्त्रियांनी जवळपास 90 वर्षांपूर्वी काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

पहिल्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी पदवी घेऊन त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तेव्हा संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी केवळ स्त्री असल्यामुळे प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, नकाराचं कारण विचारत राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून नोंद नाही, गाईड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही.

तिथे त्यांना गाईड मिळाले एम. श्रीनिवासय्या. ते शिस्तीचे कडक होते, पण काम मन लावून शिकवणारे होते. वर्षभरानंतर रामन यांचंही मत बदललं आणि संस्थेत मुलींना प्रवेशाची वाट मोकळी झाली. पुढे 1939 मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजमधून पीएचडी मिळवली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

इथे फरक नीट बघायला हवा. रामन यांच्या अटी अन्यायाच्या होत्या, श्रीनिवासय्यांचा कडकपणा शिकवण्यासाठी होता. बाहेरून दोन्ही 'कडक'च दिसतात. पण एक दारात अडवतो आणि दुसरा आत घेऊन घडवतो.

दुसऱ्या इरावती कर्वे. मुंबईत जी. एस. घुर्ये यांच्याकडे शिकून त्या 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथे गाईड होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशवादी विचारांचा पुढे नाझींनी आधार घेतला. इरावतीबाईंना काम मिळालं माणसांच्या कवट्यांच्या असमानतेचं. वंशानुसार कवटीत फरक दिसेल, ही गाईडची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापं घेतली आणि तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष लिहिला. 1930 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

परदेशात, विशीतली विद्यार्थिनी आणि समोर दबदबा असलेला प्राध्यापक. तरीही मोजमाप जे सांगतं तेच लिहिलं. निष्कर्ष गाईडला आवडतो की नाही यावर संशोधन ठरत नाही, हे यातून कळतं. निरोगी नात्याची पहिली कसोटीही हीच: विद्यार्थ्याला 'सर, आकडे वेगळं सांगतायत' असं म्हणता येतं का?

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नोव्हेंबर 2022 मध्ये पीएचडीचे नवे नियम लागू केले. यातल्या अनेक गोष्टी विद्यार्थ्यांना माहीतच नसतात.

- एका गाईडकडे किती विद्यार्थी? प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त 8, असोसिएट प्रोफेसरकडे 6 आणि असिस्टंट प्रोफेसरकडे 4.
- किती वर्षं? कोर्सवर्क धरून कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि 40 टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी 2 वर्षांची सवलत मिळू शकते.
- बाळंतपण आणि मुलांची काळजी: पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.
- निवृत्तीजवळचे गाईड: निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही.
- नोकरी करताना पीएचडी: अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, मात्र नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.
- लग्न किंवा इतर कारणाने गाव बदललं तर: नियमांतल्या अटी पाळून महिला संशोधकाला आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं.
- रिसर्च पेपरची सक्ती: प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे, ही पूर्वीची अट 2022 च्या नियमांत राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, तो मात्र तपासून घ्यावा.

यातली सगळ्यात महत्त्वाची सोय म्हणजे संशोधन सल्लागार समिती. तिला आरएसी म्हणतात. दर सत्रात विद्यार्थ्याने या समितीसमोर आपल्या कामाची मांडणी करायची आणि समितीने पुढची दिशा सुचवायची, असा नियम आहे. काम समाधानकारक नसेल तर समितीने कारणं नोंदवायची आणि सुधारणा सुचवायची.

ही समिती का हवी? कारण तिच्यामुळे विद्यार्थ्याचं भविष्य एकाच माणसाच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही. दर सहा महिन्यांनी आणखी लोक काम बघतात, त्याची नोंद होते. पण अनेकदा ही बैठक 'चला, सह्या करून टाकू' एवढ्यावर उरकली जाते. तसं झालं की विद्यार्थ्याच्या हातातला सगळ्यात साधा आधार जातो.

पेपरवर नाव कुणाचं?

या नात्यातलं सगळ्यात नाजूक भांडण श्रेयाचं असतं. भंडाऱ्याच्या बाजूलाच घडलेलं याचं एक उदाहरण आहे, आणि त्यात ना पीएचडी आहे ना गाईड.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. 1983 साली त्यांना आपल्या शेतात 'पटेल 3' या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्यांचं बी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्षं लावून पाहिलं आणि त्यातून बारीक तांदळाचं नवं वाण तयार झालं. तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला 'एचएमटी' म्हणू लागले. आज विदर्भातल्या किराणा दुकानात हे नाव सगळ्यांना माहीत आहे.

1990 च्या दशकात कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि 1998 मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित झालं. आपल्याला योग्य श्रेय मिळालं नाही, असं दादाजी शेवटपर्यंत सांगत राहिले. बियाण्याचं शुद्धीकरण आपण केलं, अशी विद्यापीठाची बाजू होती. पुढे राष्ट्रीय पातळीवर दादाजींचा सन्मान झाला. 3 जून 2018 रोजी त्यांचं निधन झालं.

या गोष्टीतून संशोधनाच्या प्रत्येक खोलीत उपयोगी पडेल असा धडा निघतो. निरीक्षण कुणाचं, मेहनत कुणाची, सुधारणा कुणाची, हे काम सुरू होतानाच लिहून ठेवलं नाही तर नंतर दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असूनही वाद मिटत नाही.

पेपरच्या बाबतीत जगभर मानली जाणारी साधी पद्धत अशी: ज्याने कामात प्रत्यक्ष बौद्धिक भर घातली, त्याचं नाव लेखक म्हणून. ज्याने इतर मदत केली, त्याचे आभार. गाईडने विषय उभा करायला, पद्धत ठरवायला, लिखाण सुधारायला खरंच मदत केली असेल तर त्यांचं नाव येणं रास्तच आहे. पण केवळ पद मोठं आहे म्हणून नाव घालणं किंवा विद्यार्थ्याचं नाव मागे ढकलणं रास्त नाही.

गाईडवर जबाबदारीही तेवढीच आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात वाङ्मयचौर्य नाही, असं प्रमाणपत्र गाईडनेही द्यायचं असतं. तपासणीत साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठराविक मुदतीत दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो, 40 ते 60 टक्क्यांवर एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही आणि 60 टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. म्हणजे न वाचता सही करणारे गाईड विद्यार्थ्यावर मेहेरबानी करत नाहीत, त्याला अडचणीत घालतात.

तळ्याकाठचा गुरू

भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलावांना इथे 'मामा तलाव' म्हणतात. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण तलावाचं ज्ञान राहिलं ते पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाकडे. कोणती पाणवनस्पती असली की कोणता मासा टिकतो, मासा अंडी कुठे घालतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने याच ज्ञानाला सोबत घेऊन तलावांवर काम केलं. स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणं, स्थानिक मासे परत आणणं, हे मासेमारांना बरोबर घेऊन झालं.

पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. एक, मार्गदर्शक फक्त विभागाच्या केबिनमध्ये बसत नाही. तलावावर काम करणाऱ्या संशोधकाचा एक गुरू विद्यापीठात असतो आणि दुसरा जाळं घेऊन पाण्यात उभा असतो. दोन, आपल्याला गाईडकडून जो सन्मान हवा आहे, तोच आपण माहिती देणाऱ्या माणसाला देतो का? गावातल्या आजोबांनी चार दिवस फिरून सगळं दाखवलं आणि प्रबंधात त्यांचा उल्लेखही नाही, तर आपणही तेच केलं ज्याची आपली तक्रार आहे. अर्थात नाव छापण्याआधी त्यांना विचारायला हवं.

गाईडची बाजू काय असते?

सगळा दोष गाईडवर टाकणं सोपं आहे. पण त्यांचा दिवस कसा जातो तेही बघायला हवं. तास घ्यायचे, पेपर तपासायचे, परीक्षेची ड्युटी, प्रवेशाचं काम, नॅकच्या फाइली, समित्यांच्या बैठका. रिक्त पदं भरली गेली नाहीत की उरलेल्यांवर दोघांचं काम येतं. अशा दिवसात 60 पानांचं प्रकरण वाचायला सलग तीन तास कुठून आणायचे?

शिवाय चांगलं मार्गदर्शन कसं करायचं हे बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. जसं त्यांच्या गाईडने केलं तसंच ते करतात. ज्याला रागावून शिकवलं तो रागावूनच शिकवतो. 'आम्हीपण असंच सोसलं' हे वाक्य तिथूनच येतं.

विद्यार्थ्यांकडूनही चुका होतात. ठरलेल्या तारखेला काम न देणं, अडचण लपवणं, आदल्या रात्री प्रकरण पाठवून सकाळी सही मागणं, सांगितलेल्या दुरुस्त्या न करताच तीच प्रत पुन्हा पाठवणं. एकदा विश्वास गेला की पुढचं प्रत्येक पान संशयाने वाचलं जातं.

मग करायचं काय?

1. गाईड निवडण्याआधी चौकशी करा. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले पीएचडी प्रबंध मोफत वाचता येतात. ज्यांच्याकडे प्रवेश घ्यायचा विचार आहे, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथे शोधा. विषय कोणते होते, कामाचा दर्जा कसा आहे, ते बघा. शक्य झालं तर त्यातल्या एका-दोघांशी बोला. विचारायचा प्रश्न 'सर चांगले आहेत का?' हा नाही. 'सर वाचून किती दिवसांत परत देतात?' हा आहे.

2. पहिल्याच महिन्यात पाच गोष्टी बोलून घ्या. किती दिवसांनी भेटायचं? संपर्क फोनवर, मेलवर की व्हॉट्सॲपवर? पाठवलेलं लिखाण साधारण किती दिवसांत वाचून मिळेल? पेपरवर नावं कशी येतील? रजा, आजारपण, घरची शेतीची कामं असतील तर कसं कळवायचं? विचारायला संकोच वाटत असेल तर असं म्हणता येईल, "सर, तुमची कामाची पद्धत समजून घ्यायची होती, म्हणजे माझ्याकडून चूक होणार नाही."

3. भेट झाली की त्याच दिवशी मेल करा. चार ओळी पुरेत. "सर, आज ठरल्याप्रमाणे मी 20 तारखेपर्यंत दुसरं प्रकरण दुरुस्त करून देते. प्रश्नावलीत तुम्ही सांगितलेले तीन बदल करते." याने गैरसमज टळतात आणि दोन वर्षांनी कुणी 'मी असं सांगितलंच नव्हतं' म्हणालं तर नोंद हाताशी असते.

4. उत्तर येत नसेल तर प्रश्न छोटा करा. 'प्रकरण बघितलंत का?' या प्रश्नाला उत्तर द्यायला तीन तास लागतात. "सर, पान 14 वर नमुना निवड बरोबर आहे का, एवढंच बघाल का?" याला पाच मिनिटं पुरतात.

5. लांबच्या विद्यार्थ्यांसाठी भेटी ऑनलाइन ठरवा. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधे दोनदा 20 मिनिटांचा व्हिडिओ कॉल, एवढं ठरलं तरी साकोली-नागपूरच्या कितीतरी फेऱ्या वाचतात. गाईडने विद्यार्थ्याला नागपूरला बोलावलं असेल आणि येता येणार नसेल, तर आदल्या दिवशी कळवणं ही साधी माणुसकी आहे.

6. एकाच माणसाकडून सगळं मागू नका. आकडेवारी शिकायला एक, भाषा तपासायला दुसरा, मन मोकळं करायला तिसरा. सहसंशोधकांचा छोटा गट करा, एकमेकांची प्रकरणं वाचा. नियमांत सह-मार्गदर्शकाची सोयही आहे. गाईडवरचा भार हलका झाला की नातंही सैल होतं.

कडक गाईड आणि त्रास देणारा गाईड यात फरक कसा ओळखायचा?

कडक गाईड लिखाणावर बोलतात, माणसावर नाही. 'हा निष्कर्ष पुराव्यातून निघत नाही' ही टीका झाली. 'तुमच्यासारख्यांना हे जमायचं नाही' हा अपमान झाला.

काही गोष्टी मात्र कुठल्याच परंपरेत बसत नाहीत. घरची कामं करून घेणं, सहीसाठी पैसे किंवा भेटवस्तू मागणं, विद्यार्थ्याचं लिखाण स्वतःच्या नावाने छापणं, जातीवरून किंवा गावावरून बोलणं, अवेळी एकटीला बोलावणं, नको त्या विषयावर मेसेज करणं. 2022 च्या नियमांत पीएचडी विद्यार्थ्याला आठवड्याला 4 ते 6 तास शिकवणं, प्रॅक्टिकल घेणं, तपासणी अशी कामं देता येतात. मुलांना शाळेतून आणणं किंवा वीजबिल भरणं त्यात येत नाही.

असं घडत असेल तर पायऱ्या अशा आहेत:

- तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहून ठेवा. मेसेज डिलीट करू नका.
- आधी आरएसीच्या दुसऱ्या सदस्याशी किंवा विभागप्रमुखांशी बोला. गाईड बदलण्याची विनंती लेखी द्या.
- तिथे सुटलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ही समिती हवी आणि तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते.
- लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची असते. इथे 'आधी विभागात बोलून बघा' ही पायरी आवश्यक नाही.
- जातीवरून त्रास होत असेल तर अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडेही जाता येतं.

गाईड बदलणं म्हणजे हार मानणं नाही, की गुरुद्रोहही नाही. विषय जुळत नाही, वेळ जुळत नाही, गाईड निवृत्त होतायत, अशी साधी कारणंही असतात. जितक्या लवकर बदल होईल तितकं दोघांचं नुकसान कमी. पाचव्या वर्षी भांडून वेगळं होण्यापेक्षा पहिल्या वर्षी नमस्कार करून वेगळं झालेलं बरं.

शेवटी काय?

1969-70 मध्ये याच जिल्ह्यातल्या पवनीला नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. उत्खननाचं काम केबिनमध्ये बसून होत नाही. माती कशी खरवडायची, थर कसा ओळखायचा, हे खड्ड्यात शेजारी बसूनच दाखवावं लागतं. प्रत्येक विषयात उत्खनन नसतं, पण शेजारी बसून दाखवणं प्रत्येक विषयात शक्य असतं.

लाखनीच्या त्या मुलीला गाईडकडून फार मोठं काही नको आहे. "या आठवड्यात जमत नाही, पुढच्या सोमवारी वाचतो," एवढी एक ओळ आली असती तरी ती रात्री शांत झोपली असती. आणि तिनेही पुढच्या वेळी 60 पानांऐवजी पान 14 पाठवलं, तर ती ओळ यायला सोमवारपर्यंत थांबावं लागणार नाही.